जखमेची भूक

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सुरीचा, भुलीचा आणि जंतुनाशकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४७ मध्ये एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणले, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून उरलेले जठर आतड्याला जोडले, आणि पोट उघडणे म्हणजे मरण ओढवून घेणे ही समजूत तेव्हापासून ढिली होत गेली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरेही आहे. मात्र या कथेतला रुग्ण टेबलावरून खाटेवर गेला की कथनकारांचे त्याच्याकडील लक्ष उडते. त्या खाटेवर पुढचे पंधरा दिवस त्याच्या देहात जे चालते ते चयापचयाच्या क्षेत्रातले आहे. अन्नातून मिळालेली द्रव्ये मोडून ऊर्जा काढणे आणि त्याच द्रव्यांतून पेशी बांधणे या दोन उलट दिशांच्या क्रियांना मिळून चयापचय म्हणतात; निरोगी प्रौढाच्या देहात या जमाखर्चाचा ताळा रोज जुळतो, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो काही दिवस, कधी काही आठवडे, तुटीत राहतो. ही तूट लिस्टरनंतर साठ-पासष्ट वर्षांनी प्रथम नीट मोजली गेली आणि तिचा परिणाम रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचायला आणखी तितकीच वर्षे लागली. या दीर्घ विलंबाच्या काही ठळक खुणा मुंबई-पुण्यात सापडतात, आणि त्याचे परिणाम कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या कोकणी गावांत आजही दिसतात.

प्राचीन ग्रंथांत आहाराचा विचार नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला रुचेल असे अन्न द्यावे आणि मद्य घेणाऱ्याला मद्य पाजावे, कारण अन्नामुळे त्याला मूर्च्छा येत नाही व मद्यामुळे शस्त्राची जाणीव बोथट होते, असा स्पष्ट निर्देश आहे. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग यांत मात्र उपाशीपोटी कर्म करावे, असा अपवादही तेथेच नोंदला आहे. जखमी माणसाच्या परिचर्येविषयीच्या अध्यायात जुन्या तांदळाचा ऊन, स्निग्ध, पातळसर भात थोड्या प्रमाणात आणि त्यासोबत जांगल प्राण्यांचे मांस, म्हणजे कोरड्या प्रदेशातील चपळ जनावरांचे हलके मांस, सांगितले आहे. यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याची जी खोड मराठी लेखनात वारंवार दिसते ती येथे आवरलेली बरी, कारण निरीक्षण असणे आणि त्यामागची यंत्रणा उलगडलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही एवढे नोंदवले पाहिजे की एकोणिसाव्या शतकात युरोपीय पद्धतीची रुग्णालये भारतात उभी राहिली तेव्हा शस्त्रक्रियेच्या रुग्णाला उपाशी ठेवण्याचा जो दंडक त्यांच्यासोबत स्थिरावला, तो या देशातल्या सर्वांत जुन्या शल्यग्रंथाशी जुळणारा नव्हता.

महाराष्ट्रात या प्रश्नाची एक सुस्पष्ट नोंद ज्या रुग्णाच्या निमित्ताने झाली तो रुग्ण मोहनदास करमचंद गांधी होता, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या गर्दीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९१८ च्या पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना त्यांना आमांशाने गाठले आणि महिनोनमहिने त्यांची प्रकृती सावरली नाही. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण गुदमार्गाला पडलेल्या चिरांमुळे शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत की खाण्याच्या कल्पनेचीच धास्ती वाटे, आणि आठवडा पुरा होण्याच्या आत त्यांना तेथून परतावे लागले. शंकरलाल बँकर यांनी त्यांना मुंबईच्या डॉ. दलाल यांच्याकडे नेले. दलालांचे म्हणणे असे होते की दूध घेतल्याखेरीज हा देह पुन्हा उभा करणे त्यांना शक्य नाही. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दुधाचा त्याग केलेल्या गांधींनी नकार दिला. तेव्हा व्रत गाई-म्हशीच्या दुधापुरते असेल तर शेळीच्या दुधाला हरकत कोणती, असा मुद्दा कस्तुरबांनी काढला आणि डॉक्टरांनी तो उचलून धरला. गांधींनी ते मान्य केले, आणि शेळीचे दूध सुरू झाल्यानंतर लवकरच, १९१९ च्या जानेवारीत, दलालांनी चिरांवरची शस्त्रक्रिया यशस्वीपणे पार पाडली. गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग व्रताच्या अक्षरात आणि आशयात पडलेल्या अंतराची कबुली म्हणून लिहिला आहे, आणि वाचकही तो तसाच वाचतात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यातला क्रम अधिक महत्त्वाचा आहे: आधी प्रथिने, मग सुरी. आज शस्त्रक्रियेपूर्वीची पोषणतयारी म्हणून जे शिकवले जाते ते या मुंबईच्या डॉक्टराने पुरावा हाती येण्याआधी अनुभवाच्या बळावर ओळखले होते.

पाच वर्षांनी हाच देह पुन्हा टेबलावर आला. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधींना तीव्र आंत्रपुच्छदाह झाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या शेपटीसारख्या अवयवाला सूज येऊन तो पिकू लागला, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी तो काढून टाकला. शस्त्रक्रिया चालू असताना वादळामुळे वीज गेली, परिचारिकेच्या हातातली विजेरीही विझली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले, हा तपशील चरित्रकारांनी आवडीने सांगितला आहे. त्यानंतरचे आठवडे तितके नाट्यमय नसल्यामुळे चरित्रांत ते दोन-चार ओळींत संपतात. जखम अपेक्षेप्रमाणे भरून आली नाही, तेथे गळू झाले, अशक्तपणा रेंगाळला, आणि ५ फेब्रुवारीला सरकारने सहा वर्षांच्या शिक्षेपैकी जेमतेम दोन वर्षे भोगलेल्या या कैद्याला बिनशर्त सोडून दिले. मार्चमध्ये ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी गेले. एका लहानशा अवयवाच्या शस्त्रक्रियेनंतर चोपन्न वर्षांच्या मिताहारी माणसाला पूर्ववत व्हायला महिने का लागावेत, याचे उत्तर १९२४ मध्ये ससूनमध्ये कोणापाशी नव्हते, आणि लंडनमध्येही नव्हते.

ते उत्तर ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत एका वेगळ्याच प्रश्नाच्या शोधात सापडले. डेव्हिड कथबर्टसन या तरुण जीवरसायनतज्ज्ञाकडे तेथील शल्यचिकित्सकांनी पायाची मोडलेली हाडे कित्येकदा इतकी सावकाश का सांधतात हे तपासण्याचे काम दिले होते, आणि हाडाचा प्रश्न असल्यामुळे त्याने रुग्णांच्या लघवीतील कॅल्शियम व फॉस्फरस मोजायला सुरुवात केली. आकडे आले ते चक्रावून टाकणारे होते, कारण फॉस्फरसबरोबर गंधक आणि नायट्रोजनही मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होता, आणि हे तिन्ही ज्या प्रमाणात पडत होते ते प्रमाण हाडाचे नसून स्नायूचे होते. नायट्रोजन हा प्रथिनांचा ओळखीचा घटक आहे. एक ग्रॅम नायट्रोजन गेला की सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिन मोडले असे धरतात, आणि ओल्या स्नायूच्या हिशेबात ते जवळपास तीस ग्रॅम भरते. अंथरुणावर पडून राहिल्यामुळेच हा ऱ्हास होत असेल ही शंका फेडण्यासाठी त्याने निरोगी माणसांना निजवून ठेवून पाहिले. नुकसान झाले, पण फार थोडे. मोडलेल्या पायाचेच मांस झडत असेल म्हणावे, तर झडलेल्या मांसापेक्षा लघवीतला हिशेब कितीतरी जास्त भरत होता. उरलेला निष्कर्ष एकच होता की एका हाडाची दुखापत सगळ्या देहाच्या स्नायूंना हात घालते. हा ऱ्हास साधारण चौथ्या ते आठव्या दिवसांच्या दरम्यान शिगेला पोहोचे आणि भरपूर खाऊ घातले तरी पूर्णपणे थांबत नसे. १९३० ते १९३२ या वर्षांत कथबर्टसनने हे निबंध प्रसिद्ध केले आणि १९४२ मध्ये त्याने दुखापतीनंतरच्या काळाचे ओहोटी आणि भरती असे दोन टप्पे मांडले: पहिले काही तास ते दिवसभर देहाचे तापमान, रक्ताभिसरण आणि ऊर्जेचा खर्च मंदावलेला असतो, आणि मग सर्व काही चढून मोडतोडीचा वेग वाढतो.

या मोडतोडीची यंत्रणा पुढच्या तीस वर्षांत तुकड्यातुकड्याने उलगडली. सुरी लागताच जखमेतून निघणाऱ्या मज्जासंवेदना आणि दाहाची रासायनिक द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात, अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल आणि ॲड्रेनॅलिन सोडतात, स्वादुपिंडातून ग्लुकागॉन वाढते, आणि इन्शुलिन असूनही त्याचा परिणाम कमी होतो, म्हणजे मधुमेह नसलेल्या माणसाच्या रक्तातही साखर चढते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि उपाशी देहात ती दिवसभरात संपते. मेंदूला मात्र रोज सुमारे १२० ग्रॅम साखर हवी असते, आणि जखमेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखरच मागतात. चरबीपासून साखर जवळजवळ बनत नाही, म्हणून स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांतल्या अमिनो आम्लांपासून यकृत ती बनवते, आणि त्याच अमिनो आम्लांतून जखम सांधण्यासाठी व जंतूंशी लढण्यासाठी लागणारी प्रथिनेही घडवते. भर पावसात सरपण संपल्यावर घराचे वासे चुलीत घालावेत तसा हा व्यवहार आहे: रात्र निभते, पण छप्पर खिळखिळे होते. हे छप्पर म्हणजे केवळ हातापायांचे मांस नव्हे. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की खोकल्यातला जोर जातो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो, आणि जुन्या काळी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या-दहाव्या दिवशी दगावणारे कित्येक रुग्ण याच वाटेने गेले.

येथे उपवास आणि जखम यांतला भेद समजून घेतला नाही तर घोटाळा होतो, आणि तो भेद दाखवायला गांधींच्याच आयुष्यातला पुढचा काळ उपयोगी पडतो. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी, १९२४ च्या सप्टेंबरात, त्यांनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला. १९३३ मध्ये पुण्यात ‘पर्णकुटी’ बंगल्यात आणि १९४३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आगाखान पॅलेसमध्ये तेवढ्याच मुदतीचे उपवास झाले, आणि शेवटच्या वेळी डॉ. गिल्डर व डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यासारखे नामांकित डॉक्टर काळजीत असतानाही ते त्यातून वाचले. निरोगी देह उपाशी राहिला की काही दिवसांत काटकसरीला लागतो, चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करतो आणि मेंदू साखरेऐवजी बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालू लागतो. त्यामुळे प्रथिनांची मोडतोड घटते आणि दोन-तीन आठवड्यांनी लघवीतला नायट्रोजन दिवसाला चार-पाच ग्रॅमपर्यंत उतरतो. जखमी देहाला ही काटकसर साधत नाही. तणावाची संप्रेरके आणि दाह चालू असेपर्यंत स्नायू मोडत राहतात, आणि मोठी दुखापत किंवा पू पसरलेले पोट असेल तर दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे जवळपास अर्धा किलो मांस, खर्ची पडते. उपवास ज्याला सोसतो त्याला शस्त्रक्रियेनंतरची उपासमारही सोसेल हा समज म्हणूनच चुकीचा आहे, आणि व्रतवैकल्यांनी उपवासाची सवय झालेल्या समाजात तो अधिक घातक ठरतो.

आकड्यांतला सर्वांत बोलका पुरावा १९३६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथून आला. हायरम स्टडली या शल्यचिकित्सकाने जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया केलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ज्यांचे वजन आजारात २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यापैकी ३३ टक्के दगावले होते आणि इतरांपैकी अवघे साडेतीन टक्के. वय, हृदय, शस्त्रक्रियेचा प्रकार यांपैकी कशानेही हा फरक समजावता येत नव्हता. याला वजनकाट्याखेरीज कोणतेही उपकरण लागले नव्हते, तरीही ही साधी नोंद कित्येक रुग्णालयांच्या केसपेपरवर अजूनही होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. तीन-चार वर्षांनी बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग केला: त्याने क जीवनसत्त्व पूर्णपणे वगळलेल्या आहारावर सहा महिने काढले आणि मध्येच आपल्या पाठीवर जखमा करवून घेतल्या. तीन महिन्यांनी केलेली जखम नीट भरली, सहा महिन्यांनी केलेली वरून मिटली पण आत सांधलीच नाही, आणि क जीवनसत्त्व दिल्यावर ती भरून आली. जखमेला धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन या जीवनसत्त्वाविना पक्के होत नाही हे त्यातून दिसले. मार्च-एप्रिलमध्ये सिंधुदुर्गातल्या बागांत काजूच्या झाडाखाली कुजून जाणाऱ्या बोंडूंत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते, एवढे जाता जाता सांगण्यासारखे आहे. बोस्टनमध्येच फ्रान्सिस मूर यांनी पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या साहाय्याने देहातले पाणी, क्षार आणि मांस यांची मोजदाद केली आणि १९५९ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णाच्या चयापचयाविषयीचा जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यावर जगभरातल्या शल्यचिकित्सकांची एक पिढी घडली.

कोकणात या ज्ञानाची वाट लांबची होती. वालावल, चेंदवण, पाट, परुळे या भागातल्या माणसाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य वैद्यक गाठायचे तर जवळचे ठिकाण म्हणजे वेंगुर्ला, जेथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय होते आणि डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. अधिक अवघड दुखणे असेल तर मिरज, बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागे, आणि मालवण-वेंगुर्ल्याहून सुटणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, तरी गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय हाच कुडाळ-सावंतवाडीकडच्या गंभीर रुग्णांचा मोठा आधार राहिला. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालये आली ती अगदी अलीकडे. या अंतराचा चयापचयाशी थेट संबंध आहे, कारण व्रण फुटलेला किंवा आतडे अडकलेला रुग्ण टेबलावर पोहोचेपर्यंत त्याचे उपाशी दिवस सुरूही झालेले असत, आणि शस्त्रक्रियेनंतर वारा सरेपर्यंत, म्हणजे आतड्यांची हालचाल सुरू झाल्याची खूण मिळेपर्यंत, तोंडाने काही न देण्याचा नियम त्यांत आणखी चार-पाच दिवसांची भर घाली.

व्रणाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात १९५१ ते १९६७ या काळात काम केलेल्या फ्रँक टोवी या इंग्रज शल्यचिकित्सकाने भारतभरच्या रुग्णालयांची पाहणी करून असे दाखवले की लहान आतड्याच्या आरंभी होणारा व्रण हा गहू खाणाऱ्या वायव्य भारतापेक्षा भात खाणाऱ्या दक्षिणेकडच्या व किनारी प्रदेशांत फार अधिक आढळतो. त्या व्रणावर जठराचा भाग काढणे किंवा जठर आणि आतडे नव्या मार्गाने जोडणे हेच उपाय १९८० च्या दशकापर्यंत रूढ होते. अशा शस्त्रक्रियेने व्रण जाई, पण पचनाची रचना कायमची बदले: जेवण आतड्यात एकदम उतरल्यामुळे घाम, धडधड आणि चक्कर येई, लोह नीट शोषले न गेल्यामुळे पंडुरोग होई, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या अभावी वर्षांनंतर हाडे ठिसूळ होत, आणि संपूर्ण जठर काढले असेल तर ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारे द्रव्यच देहात तयार न झाल्याने त्याची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागत. ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरन यांनी १९८० च्या दशकात या व्रणाच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे दाखवले, आम्ल रोखणारी प्रभावी औषधे आली, आणि एक सबंध शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा झाली.

वारा सरण्याची वाट पाहत पडलेल्या रुग्णाला त्या दिवसांत सलाईनचा आधार असे, आणि महाराष्ट्राच्या खेडोपाडी सलाईनला जो मान मिळाला तो अन्य कोणत्याही औषधाला क्वचितच मिळाला असेल. दोन बाटल्या चढवल्या की अंगात ताकद येते ही श्रद्धा हिशेबापुढे टिकत नाही. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत ऊर्जा शून्य असते, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराहूनही कमी कॅलरी. तरी ही बाटली निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात भरकटलेल्या खलाशांसाठी होड्यांत कोणता शिधा ठेवावा हे शोधताना हार्वर्डच्या जेम्स गॅम्बल यांना असे आढळले होते की उपाशी माणसाला दिवसाला शंभर ग्रॅम साखर मिळाली तर प्रथिनांची मोडतोड निम्म्यावर येते. बाटलीने पाणी आणि क्षार पुरवले, स्नायूंची झीज थोडी रोखली, पण प्रथिनाचा एक कणही दिला नाही.

शिरेतून पूर्ण अन्न देण्याचे स्वप्न १९६० च्या दशकात साकारले. स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्यातील फॉस्फोलिपिडांच्या मदतीने शिरेत सोडता येईल इतके बारीक केले, आणि फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालून बीगल जातीची पिल्ले निव्वळ शिरेवाटे दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली. आतडेच नसल्यासारख्या अवस्थेत जन्मलेल्या एका बाळावर त्यांनी हीच पद्धत वापरली. १९६८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जो उत्साह उसळला त्याने थोडी दिशाही चुकवली. जखमी देहाला अफाट ऊर्जा लागते असे गृहीत धरून रुग्णांत साखर ओतली गेली. प्रत्यक्षात नियोजित शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेचा खर्च दहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो, दुप्पट होतो तो मोठ्या भाजण्यात. १९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीने असे दाखवले की शस्त्रक्रियेच्या आगेमागे शिरेतून अन्न देण्याचा लाभ फक्त अतिशय कुपोषितांना होतो आणि इतरांत जंतुसंसर्ग उलट वाढतो. आतडे चालत असेल तर आतड्यातूनच अन्न द्यावे हे तत्त्व तेव्हापासून दृढ झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण नाकातल्या नळीवाटे पातळ अन्न घेत आले आहेत. जॉन राईल या इंग्रज डॉक्टराच्या नावाने ओळखली जाणारी ही साधी रबरी नळी १९२१ पासूनची, आणि ज्या देशात शिरेतल्या अन्नाचा एका दिवसाचा खर्च मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा असतो तेथे तिची योग्यता डड्रिकच्या शोधाहून कमी मानता येत नाही.

शेवटचा मोठा बदल डेन्मार्कमधून आला आणि त्यात एकही नवे औषध नव्हते. कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्हर रुग्णालयातील हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात असा प्रश्न विचारला की मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आठ-दहा दिवस रुग्णालयात का राहतो, आणि उत्तरादाखल एकेका रूढीची तपासणी केली. पाठीच्या कण्याजवळ नळीने भूल दिली तर जखमेची संवेदना मेंदूपर्यंत कमी पोहोचते आणि संप्रेरकांचा उद्रेक मंदावतो. अफूजन्य वेदनाशामके टाळली तर आतडी लवकर हालतात. त्याच दिवशी उठवून बसवले आणि पातळ अन्न दिले तर आतड्याचा सांधा सुटत नाही. असे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही न देण्याच्या नियमाचीही याच सुमारास फेरतपासणी झाली. या नियमाला न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांच्या १९४६ च्या निबंधाने बळ मिळाले होते. बाळंतिणींना भूल देताना जठरातले आम्ल फुप्फुसात जाऊन होणारा घात त्यांनी दाखवला होता, आणि घन अन्नाविषयीची त्यांची भीती रास्तच होती. परंतु स्वच्छ पातळ पेय दोन तासांत जठरातून पुढे सरकते, आणि स्वीडनच्या ओले युंगक्विस्ट यांनी दाखवले की शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी पिष्टमय साखरेचे पेय दिलेल्या रुग्णांत नंतरचा इन्शुलिनविरोध कमी असतो. २००१ मध्ये युरोपातील काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन या सर्व उपायांना शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले, आणि आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ती पाळली जाते.

भारतीय देहाविषयीचा एक शोध या इतिहासात जोडल्याशिवाय तो अपुरा राहील. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. पुणे परिसरातल्या माता-बालकांच्या प्रदीर्घ अभ्यासातून त्यांनी दाखवले होते की हे बारीक पण चरबीयुक्त शरीर गर्भातच घडायला लागते. मधुमेहाच्या संदर्भात हा शोध सर्वत्र उद्धृत होतो. शल्यचिकित्सेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की वजन ठीक दिसणारा मराठी रुग्ण टेबलावर येतो तेव्हा त्याच्या देहातला स्नायूंचा साठा, म्हणजे जखमेला पुरवायची शिदोरी, तेवढ्याच वजनाच्या युरोपीय रुग्णापेक्षा मुळातच तोकडी असते. पाश्चात्त्य पुस्तकातला पाच दिवसांचा उपवास येथे अधिक महाग पडतो.

अशा देहाला शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागते, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम, असे आजचे मार्गदर्शन आहे. कोकणातली उकड्या तांदळाची पेज पहिल्या दिवसासाठी उत्तम आहे, कारण ती ऊन, पातळ, किंचित खारट आणि पिष्टमय असते व थकलेल्या आतड्याला झेपते. चूक पुढे होते. टाके पिकतील या भीतीने मासे, अंडी, कुळीथ, उसळी, एवढेच काय आंबट फळेही पंधरा-पंधरा दिवस बंद केली जातात आणि रुग्ण पेज आणि लोणच्याच्या खारावर काढतो. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी प्रथिनांवर पोसतात, त्यामुळे ज्याला जपण्यासाठी पथ्य पाळायचे त्यालाच ते पथ्य मारक ठरते. शंभर ग्रॅम बांगड्यातून वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळते, कुळथाच्या डाळीत वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिन असते, आणि या दोन्ही गोष्टी कर्लीच्या काठी कुठलाही दुकानातला डबा विकत न घेता मिळतात. शस्त्रक्रियेची तारीख घेताना गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे, शस्त्रक्रियेच्या दिवशी किती वाजेपर्यंत पाणी चालेल आणि नंतर केव्हा काय खायला द्यायचे हे नेमके विचारून घ्यावे, आणि मूत्रपिंडाच्या विकारासारखे कारण दाखवून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चौथ्या दिवशी पेजेबरोबर मासा वाढावा.